परत फिरलेल्यांच्या गोष्टी

मुलांनो, एखादा गड चढून आलेल्या माणसाला तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता? “वर पोचलात का?” हाच ना! मीसुद्धा तोच विचारायचे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयात डोंगरभटक्यांची संध्याकाळ भरायची. थाट काही नव्हता. जमिनीवर सतरंज्या, भिंतीवर पांढरी चादर, तिच्यावर स्लाइड आणि मधल्या वेळात चहा. कुणी रतनगडाची गोष्ट सांगे, कुणी हिमालयातली.

एकदा साठीचे एक काका उठले. म्हणाले, “मी न पोचल्याची गोष्ट सांगणार आहे.” सगळे हसले. काका मात्र शांतपणे सांगू लागले.

“आम्ही पावसाळ्यात पाचनईहून हरिश्चंद्रगडाला निघालो होतो. वाटेतल्या ओढ्याला गुडघाभर पाणी. आमच्या डोक्यावर तर चक्क ऊन! पण मघाशी नितळ दिसणारं पाणी एकदम गढूळ झालं. काड्या, पालापाचोळा वाहून यायला लागला. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘मागे फिरा.’ मला त्याचा भारी राग आला. पण थोड्याच वेळात तोच ओढा छातीएवढा झाला!”

असं का झालं असेल? सह्याद्रीचा कातळ काळा आणि कठीण. वर जोराचा पाऊस झाला की त्यातलं फारच थोडं पाणी मुरतं, बाकीचं तीव्र उतारावरून धावत खाली येतं. म्हणून खाली ऊन असलं तरी ओढ्याला अचानक लोंढा येऊ शकतो. गढूळ पाणी आणि वाहत येणाऱ्या काड्या ही त्याची आगाऊ सूचना असते.

पुढच्या पावसाळ्यात मी चौथीच्या बत्तीस मुलांना घेऊन सहलीला निघाले. ओढ्यापलीकडच्या देवळात डबे खायचे होते. काठाशी आलो आणि पाहते तो काय, पाणी गढूळ होऊ लागलेलं! मला काका आठवले. मी सगळ्यांना मागे फिरवलं. मुलं रुसली. “बाई भित्र्या आहेत,” असं एक जण हळूच पुटपुटला. मी ते ऐकलं. डबे शाळेच्या व्हरांड्यात खाल्ले. ओढ्याला लोंढा आला की नाही, ते पाहायला आम्ही थांबलोच नाही. बत्तीस मुलं नेली होती, बत्तीस परत आणली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी शॅकल्टनची गोष्ट सांगितली. ९ जानेवारी १९०९ रोजी अर्नेस्ट शॅकल्टन आणि त्याचे तीन साथीदार दक्षिण ध्रुवापासून फक्त १८० किलोमीटरवर पोचले होते. तोवर तिथे कुणीच गेलं नव्हतं. पण अन्न संपत आलं होतं. पुढे गेले असते तर परतीच्या वाटेवर उपाशी मेले असते. ते फिरले आणि चौघंही जिवंत परतले. पुढे शॅकल्टनने गावोगावी व्याख्यानं देऊन, पडद्यावर चित्रं दाखवून ही हकिगत सांगितली. न पोचल्याची गोष्ट ऐकायलाही लोक गर्दी करत!

आपल्याकडेही डोंगरवेडे असेच एकत्र जमतात. मुंबईत मुलुंडला २००२ साली गिरिमित्र संमेलन सुरू झालं, तेही गिर्यारोहकांचे अनुभव ऐकण्यासाठीच. पण एवढ्या मोठ्या सभागृहाची गरज नाही बरं का! तुमच्या अंगणातही अशी संध्याकाळ भरेल. डोंगरात गुरं नेणारे आजोबा, रानातून पाच मैल चालत शाळेला गेलेली आजी, ट्रेकला जाणारा दादा, सगळ्यांना बोलवा. आईबाबांनो, तुम्हीही या आणि आपल्या फजित्या लपवू नका!

आम्ही शाळेत अशी संध्याकाळ केली, तेव्हा एका मुलाने पाहुण्यांना पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्ही परत कधी फिरलात?”

मला भित्री म्हणणारा तोच होता.