त्या पोराची बाजू लिहिताना

बालपणीचे घाव वय वाढलं म्हणून भरतातच असं नाही. दारू पिऊन मारणारे वडील, घर सोडून गेलेली आई. पन्नाशीतही कुणी आवाज चढवला की आतलं पोर दचकतं. या पोराला लिहिण्याचा आधार होतो का?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी हे पडताळून पाहिलं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ४६ विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहिलं. कुणी साध्या विषयांवर, तर कुणी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगांवर. नुसता घटनाक्रम मांडून फारसं साधलं नाही. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे त्या दिवशी अधिक उदास झाले, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की तेच ते उगाळणाऱ्यांपेक्षा 'असं का झालं' हे उलगडत जाणाऱ्यांना जास्त लाभ होतो.

हा उलगडा करुणेशिवाय होत नाही. मार खाणारं मूल आईवडिलांवरच अवलंबून असतं; त्यांना वाईट मानणं त्याला परवडत नाही. मग 'मीच वाईट' असं ते धरून चालतं. लिहिताना मोठेपणीची नजर त्या मुलावर पडते आणि त्याचा काहीच दोष नव्हता, हे दिसू लागतं.

अशा लेखनाचं एक उदाहरण म्हणजे किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन. ते १९९४ साली आलं. आई तमाशात नाचणारी. पोर वाढलं आजोबांच्या घरी, हालअपेष्टा सोसत, आणि पुढे डॉक्टर झालं. आईच्या मायेसाठी आसुसलेला हा मुलगा मुलींच्या कमाईवर घर चालवणारी रीतही उघडी करतो. मग त्या रीतीत अडकलेली आईही दिसते. वडिलांच्या नावाच्या जागी काळे यांनी तिचंच नाव लावलं.

करुणा म्हणजे अन्यायावर पांघरूण नव्हे. माफ करायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सुरुवात एखाद्या लहानशा प्रसंगापासून करावी. शुद्धलेखन पाहू नये, कुणाला दाखवायची सक्ती नाही. 'मी' जड जात असेल, तर 'तो मुलगा', 'ती मुलगी' असं लिहावं. शेवटी त्या मुलाला तेव्हा जे ऐकायला हवं होतं, ते पत्रातून सांगावं. लिहिताना असह्य झालं तर वही मिटावी आणि समुपदेशकाशी बोलावं. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. घडलेलं पुसता येत नाही, पण लेकराने स्वतःवर ओढून घेतलेला दोष उतरवता येतो, आणि तो आपणच उतरवायला हवा.