गुलाबाचं तेल, अत्तर की गुलाबजल? विकायला काय घ्यायचं?

गुलाबजलाचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय, "मॅडम, घरी गुलाबाचं तेल काढून विकता येईल का?" सरळ सांगते, नाही. का नाही, ते हिशोबानेच बघू.

एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे एक किलो पाकळ्यांत तेल पाव ग्रॅम, पाच-सहा थेंब! घरच्या पातेल्यात तेही हाती लागत नाही. आता उलटा हिशोब करा. ऑनलाइन 200 रुपयांना 10 मिली 'शुद्ध गुलाबतेल' दिसलं, तर तेवढ्या तेलाला 35 किलोच्या आसपास पाकळ्या लागतील. 100 रुपये किलो धरल्या तरी नुसत्या पाकळ्या साडेतीन हजारांच्या. मग त्या बाटलीत काय असेल, तुम्हीच ओळखा. ते वापरून लेबलवर 'नॅचरल' छापलंत, तर नाव तुमचं जाईल.

परफ्युम करायचा असेल तर कनौजचं अत्तर बघा. तिथे तांब्याच्या देगेत पाकळ्या आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. पारंपरिक पद्धतीत भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं, गुलाबाचा वास त्यात मुरतो. पाकळ्या पुन्हा पुन्हा नव्या, तेल मात्र तेच. चंदन महागल्यामुळे आता काही जण लिक्विड पॅराफिन वापरतात. म्हणून बेस कोणता, ते बिलावर लिहून घ्या. रोल-ऑनसाठी हे अत्तर बिनवासाच्या तेलात मिसळता येतं. अल्कोहोलच्या स्प्रेच्या वाटेला सुरुवातीलाच जाऊ नका, त्याचे नियम वेगळे आणि किचकट आहेत.

घरी जमतं ते गुलाबजल. फुलं देशी, वासाची, सकाळी लवकर तोडलेली हवीत. बुकेवाले गुलाब नकोत, त्यांना वास जेमतेम असतो आणि फवारणी भरपूर. पातेल्याच्या मधोमध स्टँडवर वाटी, भोवती पाकळ्या आणि त्या बुडतील एवढं पाणी, वर उलटं झाकण, झाकणावर बर्फ. आच मंद. वाटीत ठिबकतं ते गुलाबजल. गुलाबाच्या वासातला एक मोठा घटक पाण्यात विरघळतो, म्हणून तेल नसूनही घमघमाट येतो. पाकळ्या उकळून गाळलेलं लालसर पाणी हा नुसता काढा. तो दोन-तीन दिवसांत खराब होतो.

आणि खरी मेख इथेच आहे. आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी दिवाळीसाठी साठ बाटल्या भरल्या, प्रिझर्व्हेटिव्ह न घालता, 'केमिकल-फ्री' म्हणून. पंधरा दिवसांत बाटल्यांत पांढरे धागे तरंगायला लागले. सगळे पैसे परत द्यावे लागले. घरात वापरायचं असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, थोडंथोडं करा. विकायचं असेल तर कॉस्मेटिकसाठीचं प्रिझर्व्हेटिव्ह योग्य प्रमाणात घालावंच लागतं.

म्हणून नवख्यांना मी आधी कोरडा माल सुचवते: सावलीत कडक वाळवलेल्या पाकळ्यांची पूड आणि मुलतानी माती. पाणी नाही, त्यामुळे टिकतं. ग्राहकाला मनगटावर लावून एक दिवस थांबायला मात्र सांगा.

घरगुती असलं तरी विक्रीसाठी बनवलेलं सौंदर्यप्रसाधन कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 खाली येतं, आणि महाराष्ट्रात त्याचा परवाना अन्न व औषध प्रशासन देतं. लेबलं छापायला टाकण्याआधी तिथे एक चक्कर मारा.