आजोबांच्या पेटीत शिवराई सापडली? चिंचेने घासण्याआधी हे वाचा

नारायणगड (जि. बीड) : ‘धाकटी पंढरी’ अशी ओळख असलेल्या नारायणगडाच्या पंचक्रोशीत एखाद्या देव्हाऱ्यात किंवा जुन्या पेटीत तांब्याचा जाड पैसा निघाला, तर नवल नाही. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे फारसी अक्षरांची नाणीही मिळू शकतात आणि देवनागरी शिवराईही. पण नाणे हाती येताच आपण काय करतो? तांब्या-घंगाळासारखे चिंच लावून लख्ख करतो. नेमकी इथेच किंमत जाते.

शिवराई कशी ओळखाल?

एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’ आणि कडेला ठिपक्यांचे वर्तुळ. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. मात्र प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. पेशवाईतही ती पाडली जात होती. नाणी हातोड्याने ठोकलेली. तांब्याची चकती अनेकदा ठशापेक्षा लहान, म्हणून अक्षरे कडेला कापली जातात. सगळी अक्षरे आणि ठिपके शाबूत असलेले नाणे म्हणूनच संग्राहक शोधत असतात.

घासल्याने काय बिघडते?

तांब्यावर वर्षानुवर्षे तपकिरी किंवा हिरवट गुळगुळीत थर बसतो. तो मळ नाही, संरक्षक कवच आहे. चिंच-लिंबाचे आम्ल हा थर काढते, सोबत अक्षरांची धारही बोथट करते. अमेरिकेत १७९३ ते १८१४ दरम्यानच्या तांब्याच्या मोठ्या सेंटची अवस्था मोजायला विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० गुणांची पट्टी मांडली. आज अनेक ठिकाणी नाण्यांची प्रत त्यावर ठरते. घासलेल्या नाण्याला मोठ्या प्रमाणन कंपन्या सहसा गुणच देत नाहीत.

पोपटी, भुकटीसारखा गंज दिसला तर मात्र सावध व्हा. तो दमटपणात वाढत जातो. नाणे कोरडे ठेवा, कडेने धरा, कागदी पाकिटात ठेवा. पीव्हीसीची मऊ पिशवी नको.

कायदा काय सांगतो?

वडिलोपार्जित नाणे जवळ ठेवता येते. नांगरताना जमिनीत पुरलेला, १० रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा निघाला, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी पाठवता येत नाही.

आणि ‘जुने नाणे द्या, लाखो मिळवा’ म्हणत कुणी आधी शुल्क मागितले, तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँक असे व्यवहार करत नाही, शुल्कही घेत नाही. तसे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे.