समासातल्या नोंदी : उरणच्या किनाऱ्यावर पूर्वज शोधताना

बाप्तिस्म्याच्या वहीत मुख्य नोंदीशेजारी एक अरुंद समास सोडलेला असतो. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यानं आधी तो वाचावा. पोप दहावे पायस यांच्या काळात, १९०७ साली, रोमहून 'ने तेमेरे' ही आज्ञा निघाली. लग्न लागलं की त्याची खबर वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायची आणि ती तिथल्या वहीत चढवायची, असं तिनं सक्तीचं केलं. १९०८च्या ईस्टरपासून ती अमलात आली. त्यामुळे उरणला बाप्तिस्मा झालेली मुलगी वसईला किंवा वांद्र्याला नांदायला गेली, तर नवऱ्याचं नाव, लग्नाची तारीख आणि चर्च तिच्या जुन्या नोंदीच्या समासात यायला हवं. आपल्या बहुतेक वंशावळींतून मुलगी लग्नानंतर नाहीशी होते. या वहीत तिचा माग उरतो. एवढ्या एका कारणासाठीही या वह्या मला मोलाच्या वाटतात.

वह्यांची शिस्त या आज्ञेहून जुनी. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं पॅरिशच्या धर्मगुरूला लग्नाची वही ठेवायला लावली. पुढे १६१४च्या रोमन विधिग्रंथानं बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, मृत्यू आणि पॅरिशमधली घरं अशा पाच वह्यांचा नमुना ठरवून दिला. तेव्हा हा किनारा पोर्तुगीजांकडे होता. १५३४च्या तहानं वसई त्यांना मिळाली होती आणि करंजा बेटही, म्हणजे आजचं उरण, त्यांच्याच ताब्यात होतं. १७३७ ते १७३९च्या मोहिमेत मराठ्यांनी हा मुलूख जिंकला. १७७४च्या अखेरीस साष्टीबरोबर करंजाही इंग्रजांनी घेतलं. इतक्या सत्तांतरांत कागद सुखरूप राहणं कठीण. म्हणून पोर्तुगीज काळातली वही हाती लागेल अशी आशा धरून निघू नये.

पुढे आणखी एक गुंता आहे आणि तो कळला नाही तर वर्षं वाया जातात. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या आसपासच्या चर्चवर दोघांचा हक्क होता. काही चर्च गोव्याच्या आर्चबिशपांकडे, म्हणजे पाद्रोआदोकडे (पोर्तुगालच्या राजाश्रयाखाली) होती. काही रोमनं नेमलेल्या व्हिकर अपोस्टॉलिककडे. शेजारशेजारची दोन चर्च वेगवेगळ्या धर्माधिकाऱ्यांना मानत. रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६च्या करारानं पाद्रोआदोकडची इथली चर्च नव्या दमण धर्मप्रांताकडे गेली. १९२८ साली तो धर्मप्रांत मोडून इथला भाग मुंबईत मिसळला. १९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, रायगड मात्र मुंबईकडेच राहिला. तेव्हा 'आजोबांचं गाव कोणतं' एवढं विचारून भागत नाही. 'त्या साली ते चर्च कोणाकडे होतं' हेही विचारावं लागतं.

ग्रंथालयाची सूची उपयोगी पडते ती इथेच. सूचीत माणूस शोधायचा नसतो, ठिकाण शोधायचं असतं. उरण आणि पनवेल १८८३ साली ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यात गेले. कुलाब्याचा रायगड झाला १९८१ साली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाण्याचे खंड १८८२चे, म्हणून उरणची माहिती कुलाब्याच्या खंडात नव्हे, ठाण्याच्या खंडांत पाहावी. पोर्तुगीज कागदांसाठी पणजीचं पुराभिलेखागार आहे. त्याचा आरंभ १५९५चा, आणि पहिला अभिलेखपाल इतिहासकार दियोगु दु कोतु. पणजीतच १८३२ साली सुरू झालेलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, आजचं कृष्णदास शामा ग्रंथालय. तिथल्या सूचीत वसई शोधायची तर पोर्तुगीज लेखनानं 'बासाईं' शोधावी लागते. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात १९२६ साली स्थापन झालेली हेरास संस्था आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींची एक मोठी मालिका आहे, पण ती मुख्यतः गोऱ्या कुटुंबांची. इथल्या कॅथलिक कोळ्याचं नाव तिथे शोधून हाती फारसं काही लागत नाही. अमेरिकेतल्या फॅमिली-सर्च संस्थेची सूचीही ठिकाणावारच पाहायची. २०१७ पासून त्यांनी मायक्रोफिल्म पाठवणं थांबवलं. आता जे आहे ते पडद्यावर.

आडनावावर मात्र फार विसंबू नये. परेरा, डिसोझा, फर्नांडिस ही नावं धर्मांतराच्या वेळी धर्मगुरूकडून किंवा धर्मपित्याकडून आली, म्हणून एका आडनावाचे दोघे एका रक्ताचे असतीलच असं नाही. खरी ओळख पटते ती वस्तीवरून, धंद्यावरून आणि धर्मपिता-धर्ममातेच्या नावांवरून, कारण हे मान बहुधा नात्यातल्यांना किंवा जवळच्या शेजाऱ्यांना दिले जात. नोंद लॅटिनमध्ये असेल तर इग्नेशियस म्हणजे घरचा इनास आणि अँटोनियस म्हणजे आंतोन, हे लक्षात ठेवावं. सुरुवात नेहमी स्वतःपासून करावी आणि एकेक पिढी मागे जावं. पॅरिशच्या कचेरीत वही हाती मिळेलच असं नाही. नाव आणि अंदाजे साल लिहून अर्ज दिला की धर्मगुरू उतारा काढून देतात. तो त्यांचा उपकार समजावा, हक्क नव्हे. त्या वहीत जिवंत माणसांच्याही नोंदी असतात.

चर्चची वही नसलेल्यांचं काय? उरणजवळचं न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि त्यासाठी शेवा गाव उठलं. तिथल्या आगरी-कोळी कुटुंबांनी जुने सातबारे, फेरफार, भूसंपादनाचे कागद, शाळेचं जनरल रजिस्टर आणि जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ धुंडाळावा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी मिळते का, तेही पाहावं. २०२३ साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभर हेच कागद बाहेर निघाले आणि मोडी वाचणाऱ्यांची किंमत सरकारला कळली. एरवी ते कोणी उघडत नव्हतं.

उरणपासून रेवदंड्याच्या पलीकडे कोर्लईपर्यंत, जिथे आजही पोर्तुगीजातून घडलेली बोली घराघरांत बोलली जाते, पॅरिशच्या वह्या खाऱ्या दमट हवेत कपाटांत आहेत. धर्मप्रांतानं प्रत्येक वहीचे फोटो काढून ठेवावेत आणि कोणती वही कोणत्या सालापासून कुठे आहे एवढी साधी यादी छापावी. नावं उघड करायची गरज नाही, यादी पुरे. आणि वाचकांनी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला आजच विचारून आजीचं माहेर, चर्च आणि धर्ममातेचं नाव कागदावर लिहून घ्यावं.