हा रस्ता कुणाला जवळचा पडतो?

सोलापुरातून बाहेर पडणारे मोठे रस्ते मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत. पुणे, बार्शी, तुळजापूर, हैदराबाद, अक्कलकोट, विजापूर, मंगळवेढा. यांतल्या बहुतेकांवर पहाटेपासून ट्रक आणि ट्रॅव्हल्स धावत असतात, आणि सायकलवाला कडेची पांढरी पट्टी धरून जीव मुठीत घेऊन जातो. पण याच रस्त्यांना अधूनमधून फाटे फुटतात. फाट्यावर चहाची टपरी, एसटीचा निवारा, गावाच्या नावाची पाटी. तिथून आत वळलं की दहा मिनिटांत ट्रकचा आवाज मागे पडतो आणि आपल्याच सायकलच्या साखळीची किरकिर ऐकू येऊ लागते. माझी रविवारची पहाट अशा रस्त्यांवर जाते. असा रस्ता नशिबाने सापडतो, असं पूर्वी वाटायचं. आता कळतं की तो ओळखता येतो. कसा, ते इथे सांगते.

रस्त्याची पायरी

आपल्याकडे रस्त्यांची उतरंड ठरलेली आहे. १९४३ साली नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिथे रस्त्यांचे वर्ग मांडले गेले. आज आपण ते राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग या नावांनी ओळखतो. सरकारी पाट्यांवर प्रजिमा, इजिमा, ग्रामा अशी लघुरूपं दिसतात, ती हीच. पाटी नसेल तर मैलाचा दगड पाहावा. त्याचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, काळं किंवा निळं असेल तर जिल्हा मार्ग आणि केशरी असेल तर गावरस्ता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. तिच्यातून झालेल्या गावरस्त्यांचा डांबरी भाग साधारण पावणेचार मीटर रुंद असतो. एक ट्रॅक्टर निवांत जातो, समोरून दुसरा आला तर एकाला साइडपट्टीवर उतरावं लागतं. सायकलला हा अरुंदपणा सोयीचा आहे, कारण घाई असलेला माणूस या वाटेला सहसा येत नाही.

तरीही नुसत्या वर्गावर भरवसा ठेवू नये. काही अरुंद रस्तेही गजबजलेले असतात. म्हणून नकाशा उघडून एक प्रश्न विचारायचा: हा रस्ता कुणाला जवळचा पडतो? रस्त्याच्या दोन टोकांवर बोट ठेवून पाहावं. तो दोन तालुक्यांच्या गावांमधलं अंतर वाचवत असेल, टोलनाका टाळायला उपयोगी पडत असेल किंवा साखर कारखान्याच्या फाटकाशी जात असेल, तर परक्यांची वाहतूक तिथे येणारच. त्या चार-पाच गावांखेरीज तो कुणालाच जवळचा नसेल, तर तो आपल्या कामाचा.

स्पेनमधल्या ग्रामीण रस्त्यांचं सायकलस्वार कौतुक करतात, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच गणित आहे. तिथे अनेक जुन्या राष्ट्रीय रस्त्यांना समांतर नवे वेगवान महामार्ग झाले, घाईची वाहनं तिकडे गेली आणि जुना रस्ता शांत झाला. मध्य स्पेनचं पठारही आपल्यासारखंच उंचावरचं, कोरडं आणि धान्य पिकवणारं आहे. आपल्याकडे चौपदरीकरणात महामार्गाने जिथे गावाला वळसा घातला, तिथे गावातून जाणारा जुना तुकडा असाच मोकळा होतो. एक फरक मात्र मोठा आहे. सायकलला ओलांडताना मोटारीने किमान दीड मीटर अंतर ठेवायचं, असा स्पेनमध्ये कायदा आहे. आपल्याला ते अंतर रस्त्याच्या निवडीतूनच मिळवावं लागतं.

शेवटची परीक्षा जागेवर करायची. फाट्यावर चहा घेत दहा मिनिटं थांबायचं आणि आत वळणारी चारचाकी वाहनं मोजायची. पाचाच्या आत असतील तर मी वळते.

रस्त्याचं घड्याळ

एकच रस्ता सहाला वेगळा असतो आणि नऊला वेगळा. पहाटे दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली निघतात. पुढे शाळेच्या गाड्या, वडाप आणि एसटी. गावाचा आठवडी बाजार असेल त्या दिवशी हे सगळं दुप्पट धरावं. टपरीवर "बाजार कधी असतो?" एवढं विचारलं की पुढच्या खेपेचं ठरवता येतं.

सोलापूरच्या रस्त्यांना देवांचंही पंचांग लागू आहे. गुरुवारी अक्कलकोटचा रस्ता टाळावा, मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला तुळजापूरचा. कोजागरीच्या सुमारास तर तुळजापूरच्या वाटेवर चालत जाणाऱ्यांची रीघ लागते. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे जाणारी प्रत्येक वाट वारकऱ्यांची असते. त्या दिवसांत सायकल दुसऱ्या दिशेला वळवावी.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. तेव्हा एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसतात. मागची ट्रॉली वळणावर आणि खड्ड्यात हेलकावते, म्हणून तिला घाईने ओलांडू नये. रस्ता सरळ आणि समोरचा भाग मोकळा दिसेपर्यंत मागे अंतर ठेवून चालावं. अंधारात तर तिच्या आसपासही राहू नये, कारण मागचा दिवा असेलच याची खात्री नसते.

वारा आणि ऊन

इथे चढ फारसे नाहीत. तुळजापूरकडे बालाघाटचा डोंगर लागतो तेवढाच. आपला खरा चढ म्हणजे वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे समोरचा वारा थोडासा वाढला तरी पाय जड होतात. जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. तेव्हा जाताना मोहोळ, मंगळवेढ्याची बाजू धरावी, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहतो. थंडीत वारा बहुधा पूर्वेकडचा आणि सौम्य असतो, तेव्हा आधी अक्कलकोट, नळदुर्गाची बाजू. ताजे पाय वाऱ्यावर खर्च करायचे आणि दमलेले पाय वाऱ्याच्या हवाली करायचे, एवढाच हिशेब.

पहाटे वारा का पडलेला असतो, हेही समजून घेण्यासारखं आहे. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होऊन खाली बसते. वरचा वेगवान वारा तिच्यावरून निघून जातो. ऊन चढलं की जमीन तापते, हवा खालीवर होऊ लागते आणि वरचा वारा खाली उतरतो. म्हणून पहिले तीन तास सोन्याचे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा साडेपाचला निघून नऊच्या आत घर गाठावं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, असं धरून बाटल्या भराव्यात. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ती विटत नाही, पिशवीत जागा थोडी घेते आणि घामातून गेलेलं मीठही परत देते.

काटा

आपल्या भागात पंक्चर काढायला बहुतेक वेळा दोनच गोष्टी लावतात: बाभळीचा काटा आणि सराटा. सराट्याची वेल पावसाळ्यात साइडपट्टीवर पसरते, पिवळी फुलं येतात आणि नंतर तिची फळं वाळून टणक होतात. फळ कसंही पडलं तरी एखादा काटा वर राहतोच. उपाय साधा आहे: चाकोरी सोडायची नाही. गाड्यांच्या चाकांनी डांबरावरचा जो पट्टा झाडल्यासारखा स्वच्छ होतो, त्याच्या डाव्या ओळीत सायकल ठेवायची.

बारीक टायर इथे फार हवा मागतात आणि प्रत्येक खडा मनगटापर्यंत पोचवतात. बत्तीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर घ्यावेत. गिरणी कामगार आणि दूधवाले जी काळी सायकल वापरत, तिचे टायर याहूनही रुंद होते, ते उगीच नव्हे. पंक्चर झालंच, तर ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापडाची घडी फिरवावी. काट्याचं टोक कापडाला अडकतं. ते न काढता नवी ट्यूब घातली, तर पुढच्या किलोमीटरला तीही बसते. मी हे एकदा भर उन्हात शिकले.

पावसानंतर आणखी एक सावधगिरी. काळ्या रानातून निघालेले ट्रॅक्टर चिखल डांबरावर आणतात. तिथे ब्रेक हळू दाबावा. कच्च्या वाटेवर तर उतरूच नये. काळी माती चाकाला चिकटून मडगार्डमध्ये घट्ट बसते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

एक उदाहरण: कुडलसंगम

सुरुवातीला एक चांगली फेरी हत्तरसंग कुडलची. अंतर सोलापूरहून सुमारे चाळीस किलोमीटर. विजापूर महामार्गाने हत्तूर आणि सीनेवरचं वडकबाळ मागे टाकायचं. हा भाग उजाडता उजाडता, रुंद कड धरून उरकायचा. मंद्रूप परिसरातून महामार्ग सोडला की वाट लहान होत जाते आणि अखेरीस सीना-भीमेच्या संगमावर थांबते. इथे आपला प्रश्न लावून पाहा. पुढे नदी आहे, त्यामुळे हा रस्ता पलीकडे जाणाऱ्या कुणालाच जवळचा पडत नाही. शेतकरी, गावकरी आणि देवळाला येणारे, एवढीच वर्दळ. डिसेंबर-जानेवारीत दोन्ही बाजूंना ज्वारी कणसावर आलेली असते.

संगमावरच्या देवळाच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८चा कोरीव लेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते, आणि तो वाचणाऱ्याचं भलं चिंततो. सायकल टेकवून त्यासमोर उभं राहावं. हजार वर्षांपूर्वीही इथवर येणारा माणूस खास इथेच यायला निघालेला असणार.

गावातून जाताना

गावाची वेस दिसली की वेग कमी करावा. वस्तीवरची कुत्री वेगाच्या मागे लागतात. उतरून, सायकल मध्ये धरून चालत गेलं की बहुतेक वेळा ती गप्प होतात. मेंढरांचा कळप आला तर बाजूला थांबावं, घंटी वाजवू नये. नान्नजच्या माळरानाजवळ, माळढोकासाठी १९७९ साली राखलेल्या अभयारण्याच्या आसपास, स्पीकर बंद ठेवावा आणि डांबर सोडून गवतात शिरू नये. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कुणी "यल्लिंद बंद्री?" असं कानडीत विचारतं. "सोलापूर" एवढं उत्तर पुरतं, पण थांबून द्यावं.

कारण हा रस्ता कुणाला जवळचा पडतो, याचं उत्तर तिथेच उभं असतं: डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई, दप्तर पाठीला लावून चालणारी पोरं, कॅन घेऊन निघालेला दूधवाला. रस्ता त्यांच्यासाठी झाला, त्यांनीच तो वापरात ठेवला. आपण शांततेसाठी मुद्दाम लांबची वाट धरून त्यांच्या जवळच्या रस्त्यावर येतो. म्हणून समोरून भारा आला की साइडपट्टीवर मी उतरते, आणि डांबर त्यांना सोडते.