पळस फुलला की पक्षी का जमतात?

आमलीहून खानवेलच्या रस्त्याला लागले की फाल्गुनात डोंगर उजाड दिसतात. सागाची पाने गळलेली असतात. परंतु पक्षी पाहण्यास हाच काळ उत्तम होय. फांद्या उघड्या असल्याने पक्षी लपत नाही आणि याच दिवसांत पळस, पांगारा व काटेसावर फुलतात.

या तिन्ही झाडांची फुले लाल किंवा केशरी असतात. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही. पक्ष्याला तो दुरूनही दिसतो. फुलांना वास फारसा नसतो, पण मधुरस पातळ व भरपूर असतो. साळुंकी, बुलबुल, शिंजीर यांनी तो पिण्यास चोच आत घातली की परागकण डोक्याला व गळ्याला चिकटतात आणि पुढच्या फुलावर पोचतात. हा व्यवहार रोखीचा आहे: झाड रस देते, पक्षी वाहतूक करतो. कोतवाल तर रसाबरोबर फुलांवरचे किडेही टिपतो. डॉ. सलीम अली यांनी भारतातील फुले व पक्षी यांच्या या नात्यावर १९३२ साली सविस्तर लेख लिहिला होता.

याच सुमारास 'टुक टुक' असा एकसुरी आवाज ऐकू येतो. तो तांबट. वाळलेल्या फांदीत तो चोचीने ढोली कोरतो. पोपट, पिंगळा यांना अशी ढोली कोरता येत नाही. ते सुतारपक्ष्याने किंवा तांबटाने सोडलेल्या अथवा झाडात आपोआप पडलेल्या ढोलीत संसार मांडतात. आपण जिला सरपण म्हणतो, ती वठलेली फांदी म्हणजे पक्ष्यांची चाळच होय.

रानपिंगळ्याचे उदाहरण पाहा. १८७३ साली शास्त्राला माहीत झालेला हा पक्षी शंभराहून अधिक वर्षे कोणाला सापडला नव्हता. १९९७ साली तो शहाद्याजवळच्या सागवनात पुन्हा दिसला आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात. तोही जुन्या झाडांच्या ढोलीतच घरटे करतो. आपली सागवने या दोन ठिकाणांपासून फार दूर नाहीत.

म्हणून होळीसाठी किंवा चुलीसाठी जुनी सावर तोडण्यापूर्वी एकदा वर पाहावे. नवे रोप लावता येते, पण त्यात ढोली पडायला कित्येक वर्षे जावी लागतात.

पक्षी पाहायचे असल्यास फार भटकू नये. उजाडताच फुललेल्या पळसापासून थोडे दूर, शांत बसावे. पाहुणे आपणहून येतात.