हरवलेल्या चावीचे नाव गाडीतून कमी करा

गाडीची चावी हरवली की आपण नवा रिमोट घेतो, तो गाडीला जोडून घेतो आणि विषय संपला असे मानतो. इथे खरी चूक होते. रिमोट जोडण्याच्या या प्रोग्रामिंगमध्ये महत्त्वाची नोंद होते ती गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये: कोणत्या रिमोटचे ऐकायचे, याची ती यादी असते. प्रत्येक रिमोटला स्वतःचा क्रमांक असतो आणि बटण दाबताच त्याच्या आतला आकडा एकाने पुढे सरकतो. हा आकडा गुप्त संकेतात बदलून रेडिओ लहरींवरून जातो. गाडी तो उलगडते आणि तो शेवटच्या नोंदीपेक्षा पुढचा असेल तरच दार उघडते. म्हणून वापरलेला संदेश टिपून कोणी पुन्हा पाठवला तरी तो चालत नाही. खिशात चुकून बटण दाबले गेले, तर कीलॉक या प्रचलित पद्धतीत साधारण 16 आकड्यांपर्यंतची तफावत गाडी चालवून घेते. पण ही सगळी दक्षता परक्यासाठी आहे. यादीत नाव असलेला हरवलेला रिमोट गाडीच्या लेखी घरचाच.

कोणी म्हणेल, असे संकेत फोडताही येतात, मग हरवलेल्या रिमोटचे नाव यादीतून पुसून काय साधणार? 2008 मध्ये जर्मनीतील बोखुमच्या संशोधकांनी कीलॉक फोडून दाखवले, हे खरे. पण त्यासाठी उपकरणे आणि अभ्यास लागला. हरवलेल्या रिमोटला फक्त अंगठा लागतो. गाडी कोणती हे सापडणाऱ्याला कळणार नाही, हा दिलासाही फसवा आहे. पार्किंगमध्ये बटण दाबले की गाडीच दिवे लुकलुकवून ओळख देते. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर आहे ना, हा आक्षेप अधिक वजनदार. मात्र मूळ चावीतली चिपही गाडीने ओळखलेलीच असते. म्हणून रिमोट आणि चिप, दोन्ही नोंदी काढायला हव्यात. चावीचे धातूचे पाते तरीही दाराचे कुलूप उघडू शकेल, पण इंजिन सुरू होणार नाही.

खर्चाची कुरकूर समजण्यासारखी आहे, पण नव्या चावीसाठी सर्व्हिस सेंटरला किंवा जाणकार चावीवाल्याकडे जायचेच असते. जाताना उरलेल्या सगळ्या चाव्या न्याव्यात, कारण अनेक गाड्यांत यादी पुसल्यावर त्या एकाच बैठकीत पुन्हा नोंदवाव्या लागतात. बऱ्याच गाड्यांत तिथल्या स्कॅनरवर नोंदलेल्या चाव्यांची संख्या दिसते. ती आपल्या हातातल्या चाव्यांशी जुळते का, हे समोर उभे राहून पाहावे. जुनी गाडी घेताना तर हे टाळूच नये. आरसी बुकवर नाव बदलल्याशिवाय आपण व्यवहार पूर्ण मानत नाही. चाव्यांच्या यादीलाही तोच नियम लावला पाहिजे.